भट्टीमागची जागा

मावळात भातं कापायला आली की मला एका बाईचा हेवा वाटायला लागतो. वर्षाचे बाकीचे महिने मी बरी असते.

दिवाळी होऊन गेलेली असते. सकाळी कान्हे स्टेशनवर लोकलची वाट बघताना तोंडातून वाफ निघते. पलीकडची खाचरं धुक्यात अर्धी दिसतात, अर्धी नाही. कापून आडव्या टाकलेल्या इंद्रायणी भाताचा वास येतो. तो ओल्या गवताचा नसतो, शिजलेल्या भाताचाही नसतो, दोन्हींच्या मधला कसलासा असतो. फलाटावरची पुण्याकडची मंडळी मोबाइल काढून फोटो घेतात, "काय वास आहे!" म्हणतात. मीही नाकात ओढून घेते. पण लोणावळ्याला उतरून बाहेर पडले की त्या वासावर दुसरा वास चढतो, उकळत्या गुळाचा. चिक्कीच्या भट्ट्या या दिवसांत जोरात असतात. हे दोन वास एकापाठोपाठ आत गेले की मला जे होतं त्याला दुसरं नाव नाही. हेवाच तो.

तिचं नाव गोदा. आडनाव तिनं कधी सांगितलं नाही. गाव विचारलं तर दर वेळी वेगळं सांगते. नवऱ्याबरोबर बंगल्यांच्या बांधकामावर आली, नवरा वारला, बंगले पुरे झाले, बाकीचे मजूर दुसऱ्या साइटवर गेले आणि ही इथेच राहिली, एवढं मला आईकडून कळलं. डोंगराच्या कडेला ते बंगले अजून उभे आहेत, सुट्टीपुरते उघडणारे, एरवी कुलूप. कुठल्या बंगल्याच्या विटा आपण वाहिल्या ते ती बोटानं दाखवते. राहते मात्र एका चिक्कीच्या कारखान्यामागे, भट्टीच्या भिंतीला पाठ लावून.

आता घर नसलेल्या बाईचा हेवा पगारी नर्सला का वाटावा, असं कुणीही विचारेल. मी लोणावळ्याच्याच सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, बायकांच्या सर्जिकल वॉर्डात. बी.एस्सी. नर्सिंग. आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मी, भावकीतही पहिली. लोक म्हणतात, ही सारखं तेच सांगते. सांगणारच. ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या आहेत त्यांनी गप्प बसावं, त्यांना ते शोभतं. माझी अजून नवी आहे.

माझी आई, पारू, लोणावळ्याच्या स्टेशनरस्त्यावर पाटी घेऊन बसते. शेतातला पावटा, मुळा, हरभऱ्याची कोवळी भाजी, उन्हाळ्यात करवंदं. मी शाळेत होते तेव्हापासून बसते. ओळीनं बसणाऱ्या या बायकांचा एक रिवाज आहे. एखादी चहाला गेली, कुणाच्या लग्नाला गेली, बाळंत झाली, तरी तिची पाटी तिच्या जागेवर उलटी घालून ठेवायची. उलटी पाटी दिसली की त्या जागेवर कुणी बसत नाही. नवी बाई बसलीच तर बाकीच्या तिला असं काही बोलतात की ती पुन्हा त्या रस्त्यानं जात नाही. गोदाकडे विकायला काही नसे. ती आईच्या शेजारी बसून पावट्याच्या शेंगा सोलायची, गिऱ्हाइकाला पिशवी उघडून धरायची, आणि दिवसभर दोघी बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. माझी आई घरात फार बोलणारी बाई नाही.

आणि आता ती भिंत. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक खोली, मागच्या भिंतीला लागून भट्टी. सकाळी पेटवतात, संध्याकाळपर्यंत कढईत पाक शिजत असतो. भट्टी विझली तरी भिंत पहाटेपर्यंत कोमट राहते. वर पत्र्याची वळचण आहे, म्हणजे दव पडत नाही. लोणावळ्याची थंडी ज्यांनी फक्त स्वेटर घालून पाहिली आहे त्यांना या भिंतीची किंमत कळायची नाही. पैसेवाल्यांत दरीकडचा बंगला जसा, तशी उघड्यावर निजणाऱ्यांत ही भिंत. तिथली एक जागा गोदाची होती, भट्टीच्या नेमकी मागची. हिवाळ्यात त्या जागेवर सगळ्यांचा डोळा.

काही वर्षांपूर्वी, भातं नुकती कापायला घेतली होती. आई संध्याकाळी घरी आली आणि पाटी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "गोदीच्या पायाला वास येतोय."

"कसला वास?"

"तुला कळंल. उंद्या ड्युटी झाली की ये."

गेले. आई पाटी घेऊन आधीच आली होती; गोदा भिंतीशी बसलेली, दोन्ही पाय गोणपाटात गुंडाळलेले. मी गोणपाट सोडवलं. उजवी टाच भाजून कातडं सुटलेलं, धाकटी बोटं काळी पडलेली, आत पू.

"मावशी, भाजलं कधी?"

"भाजलं? कुटं? न्हाई बा."

मी तिला डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोक तळपायावर टेकवलं. "कळतंय?" "काय?" दुसरीकडे टेकवलं. "आता?" "तू कायतरी कर तर आधी, मंग इचार." आई हसायला लागली. मला हसू आलं नाही. शुगर. कित्येक वर्षांची, कुणी कधी न तपासलेली. पायाची जाणीवच गेली होती. कारखान्यातली माणसं भट्टीतली राख मागे आणून टाकतात. ही त्या राखेवर पोतं पसरायची आणि पाय वर ठेवून निजायची. खाली निखारा राहिला असेल, पाय भाजत राहिला असेल आणि ही ऊब लागतेय म्हणून सुखानं झोपली असेल.

हे मी ओळखलं. कारखान्यातल्या कुणी नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांनी नाही, मी. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण नंतर ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

"ॲडमिट व्हावं लागेल," मी म्हटलं. "आजच. नाहीतर पाय जाईल."

"पाय गेला तर बसून ऱ्हाईन. भीत गेली तर कुटं बसू?"

"भिंत कुठे जातेय?"

"ए शिष्टर," गोदा मला म्हणाली, "तू घरात निजतीस. मी हितनं उठले की सांच्याला हितं दुसरं कोन तरी आसंल. परत येऊन त्याला काय सांगू, ऊठ बाबा, मला शुगर झाल्ती?"

मी तिला समजावलं. रागावले. गुडघ्यापासून पाय कापलेल्या पेशंटच्या गोष्टी सांगितल्या. एरवी मी पेशंटला घाबरवत नाही, तिला घाबरवलं. ती ऐकत होती आणि हळूहळू गोणपाट परत गुंडाळत होती. मला कॉलेजात शिकवलं होतं की पेशंट उपचार नाकारतो तेव्हा त्याला माहिती कमी असते. हिला माहिती कमी नव्हती. मी सांगितलेलं सगळं तिला पटलं होतं. फक्त तिच्याकडे जागा एकच होती.

तेवढ्यात आईनं आपली पाटी रिकामी केली. उरलेला पावटा पदरात घेतला, पाटी भट्टीच्या भिंतीशी उलटी घातली आणि म्हणाली, "जा तू गोदे. मी बसते."

"हितं बाजार हाय व्हय, पाटीला मानायला?" गोदा म्हणाली.

"म्हनून तर बसते म्हनलं. दिसभर मी बसल्याली दिसले की रातीबी पाटीला मानतील. रोज येते. तू येस्तवर."

गोदा उठली. लगेच. माझी सगळी पदवी वापरून जी बाई हलली नाही, ती माझ्या आईच्या एका वाक्यावर उठली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत रिक्षेत जाऊन बसली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. मी मनात म्हणत होते, रोज येणार? भातं आडवी पडली की बाजारसुद्धा एक दिवसाआड करणारी ही?

कारण मला माझं पदवीदान आठवलं. तेही याच दिवसांत होतं. कॉलेजच्या मांडवात प्रत्येकीच्या खुर्चीवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली आणि शेजारची खुर्ची घरच्या माणसाला. मुलींच्या आया ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, कुणाची आजी, कुणाचे दोन-दोन भाऊ. मी आईला आधीपासून सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी ती खाचरातून वर न बघता म्हणाली, "भात आडवं पडलंय, मी कशी येऊ? तू जा. फोटू आन." आबा, म्हणजे माझे वडील, तिच्या शेजारी वाकून कापत होते. मी गेले. काळा झगा घातला, स्टेजवर गेले, टाळ्या झाल्या, परत आले. शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी होती. फोटो मैत्रिणीच्या आईनं काढला. तो आता आमच्या टीव्हीच्या वर आहे. त्यात मी छान दिसते.

शेत आधी, बाकी सगळं नंतर, असं आमच्याकडे म्हणायची गरज पडत नाही. ते सगळ्यांना माहीत असतं. भाताला थांब म्हणता येत नाही, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी रुसले नाही. मी स्वतःला सांगितलं, मावळातली बाई भातासाठी कशालाही नाही म्हणते, हाच नियम आहे. नियम सगळ्यांना सारखा असला की सोसवतो.

आणि आता तीच बाई भात टाकून कारखान्याच्या भिंतीशी बसायला निघाली होती.

वॉर्डात भरती करताना पहिला प्रश्न असतो, सोबत कोण? बाटली संपली तर सांगायला, बाहेरून काही आणायला, ऑपरेशन आधी समजून घ्यायला माणूस लागतो. ज्याला घर नाही त्याला बहुधा सोबतही नसते, आणि मग तो पलंगावर असूनही अर्धा बाहेरच असतो. "सोबत मी," मी म्हटलं. माझ्याबरोबरची सिस्टर म्हणाली, "तुझी कोण लागते?"

"शेजारीण."

"शेजारीण? कुठल्या सोसायटीत गं?"

"भट्टीमागच्या," मी म्हटलं. ती हसली, मीही हसले, आणि गोदाला सलाइन लावलं.

नंतर सगळं मी केलं. हे मी पुन्हा सांगते. डॉक्टरांनी काळी बोटं काढली, टाच वाचवायचं ठरलं. रोजचं ड्रेसिंग माझ्या हातचं. मेलेलं कातडं कापायचं, पू काढायचा, धुवायचं, नवी पट्टी. माझा हात हलका आहे, पेशंट तसं सांगतात. पण गोदाला हात हलका की जड, काही कळतच नव्हतं. मी पायाशी वाकलेली असायची आणि ती खिडकीतून बाहेर बघत विचारायची, "पारी आली का भिंतीकडं?"

"आली असेल."

"तिला म्हनावं राख बाजूला सार. तिचं लुगडं पेटंल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "पारीनं भाकरी आनलीया का बरोबर? उपाशी बसती ती. तुला म्हाईत न्हाई."

मला माहीत नाही! माझ्या आईबद्दल! मी पट्टी जरा जोरात आवळली. तिला तेही कळलं नाही.

आई रोज सकाळच्या लोकलनं जायची. आबा आणि चुलतभाऊ खाचरात. आबा तोंडानं फार बोलत नाहीत, पण विळा घासायचा दगड असा आपटायचे की सगळं कळायचं. मग एक दिवस दुपारीच आभाळ आलं. मी वॉर्डाच्या खिडकीतून ढाकच्या बाजूचा डोंगर काळा होताना पाहिला. मळणी अजून बाकी होती, भात उघड्यावर होतं. आता तरी उठेल, मला वाटलं. फोन केला.

"आये, आभाळ आलंय."

"दिसतंय की."

"मग?"

"मग काय? हितं एक जन मघाधरनं घुटमळतोय वळचनीखाली. मी उठले की बसंल." वर म्हणाली, "आबाला म्हनाव पेंढा टाक वरनं."

पाऊस फार झाला नाही, पण झाला. कडेचं भात भिजलं. त्या वर्षीचा तांदूळ गिरणीत फुटला, शिजला की किंचित कोंदट वास यायचा. आबा ताटावर बसले की म्हणायचे, "वाढा, गोदाचा भात वाढा." वर्षभर आमच्याकडे तो भात त्याच नावानं शिजला. आई खाली मान घालून हसायची. पाहुणे विचारायचे, ही कुठली नवी जात? आबा म्हणायचे, "सुधारित. लय शिकल्याली."

तो टोमणा आईला होता की मला, अजून कळलेलं नाही.

त्या पावसाच्या संध्याकाळी आम्ही दोघी एकाच लोकलनं आलो. कान्हे स्टेशनच्या बाकावर ती चप्पल झटकत बसली, मी उभी राहिले. मला बोलायचं होतं आणि मी बोलले.

"माझ्या पदवीला आली नाहीस. भात पडलं होतं म्हणालीस."

"हुतंच पडल्यालं."

"आता नव्हतं का?"

ती चपलेतला खडा काढत राहिली. मग म्हणाली, "तुझी खुर्ची कोन पळवनार हुतं? नाव हुतं ना लिवल्यालं तिच्यावर. तूच सांगितलंस."

"आये, शेजारची रिकामी होती."

तिनं वर पाहिलं. क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "मंग पिशवी ठिवायला बरं झालं आसंल."

खरंच ठेवली होती. चल म्हटलं, घरी जाऊ, भिजलेलं भात बघू.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, यात हेवा करण्यासारखं काय आहे, आईनं बरोबरच केलं. बरोबर केलं हे मला त्यांच्याआधी कळलं होतं. बरोबर असल्यानंच तर जास्त झोंबतं. ती चुकली असती तर मी भांडले असते, ती रडली असती, आम्ही दोघी मोकळ्या झालो असतो. जिची जागा जाणार होती तिच्यासाठी ती बसली, आणि माझी पक्की होती म्हणून मला एकटीला पाठवलं. मग मी ती जागा इतकी पक्की करायलाच नको होती, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी शिकले नसते, लग्न होऊन नवऱ्यानं टाकलं असतं, भट्टीमागे बसले असते, तर आई पाटी उलटी घालून माझ्याजवळ बसली असती का? वेडा विचार आहे. भाताच्या दिवसांत येतो.

शिकल्यामुळे आणखी एक झालंय. दवाखान्यात आली की आई मला चारचौघांत "शिष्टर" म्हणते. अभिमानानं म्हणते, मला ठाऊक आहे. पण घरीसुद्धा ती माझ्यासमोर जरा सावरून बसते. मी आले की खाटेवरची घडी नीट करते. कप धुतलेला असला तरी परत धुते. गोदाच्या अंगावर मात्र ती रेलून हसते, तिला "मुडद्ये" म्हणते, तिच्या पदराला हात पुसते. माझ्या पदराला तिनं शेवटचे हात कधी पुसले ते मला आठवत नाही.

गोदाचा पाय वाचला. दोन बोटं गेली, टाच भरली. ती परत गेली तेव्हा भिंतीशी आईची पाटी होती आणि पाटीशेजारी आई. गोदा बसली, भिंतीला तळहात लावून पाहिला आणि म्हणाली, "ऊन हाय." आईनं पाटी उचलली आणि दोघी काही झालंच नाही अशा पावटा सोलायला बसल्या. मी गोळ्यांची पिशवी हातात धरून उभी. गोळ्या कुठे ठेवायच्या हाही प्रश्न होता. उघड्यावर उंदीर पिशवी कुरतडतात. डॉक्टरांनी मुद्दाम इंजेक्शन न देता गोळ्या दिल्या होत्या, कारण फ्रिज कुठून आणायचा? शेवटी कारखान्यातून चिक्कीचा पत्र्याचा रिकामा डबा मिळाला. शुगरच्या गोळ्या चिक्कीच्या डब्यात.

चिक्कीवरून माझी तिच्याशी खरी लढाई. लोणावळ्यात दयेला एकच रूप आहे. सहलीला आलेली माणसं गाडीची काच खाली करतात आणि बिचारी म्हणून तिच्या हातात चिक्कीचं पाकीट ठेवतात. कारखान्यातल्या बायका तुटके तुकडे देतात. उपाशी माणसाला गोड द्यावं, यात कुणाचं चुकलं? पण मी एकेकाला थांबवून सांगायला लागले, हिला चिक्की देऊ नका, भाकरी द्या, केळंसुद्धा अर्धंच. एका बाईनं मला ऐकवलं, "तुम्ही देत नाही तर निदान दुसऱ्याला देऊ द्या."

"मावशी, तू खाऊ नकोस एवढं तरी कर," मी गोदाला म्हटलं.

"मी कुटं खाते? आधीबी न्हाई खाल्ली. दात न्हाईत मला. समदी तुझ्या आयला द्यायची."

"आईला?"

"तुज्यासाटी. शेंगदाण्याची नेयाची ती. राजगिऱ्याची तुला आवडायची न्हाई ना? तू थुकायचीस."

शाळेत असताना आई लोणावळ्याहून येताना चिक्की आणायची. घरात गोड म्हणून तेवढंच असायचं. मी दप्तरात लपवून ठेवायचे, मधल्या सुट्टीत मैत्रिणींना दाखवून खायचे, माझ्या आईनं आणली म्हणून.

"मला सगळं म्हाईत हाय तुझं," गोदा म्हणाली. "तू बारावीला पयली आलीस, तुझा फारम भरला, तू हॉस्टेलात रडलीस. पदवी झाली ना तुझी? दुसऱ्या दिशी तुझी आय आली ती कुनाला भावच सांगंना. न्या म्हनं. समदा मुळा असाच वाटला. मी म्हनलं, पारे, खुळी झालीस का? तर म्हनं, गप, माझी वैशी शिकली."

लोकांना वाटेल की हे ऐकून मी विरघळले. मी आणखी जळले. म्हणजे माझ्या पदवीचा आनंद आईनं केला होता, पण तो इथे केला, हिच्यापाशी, रस्त्यावर. घरी मी झग्याचा फोटो घेऊन आले तेव्हा माझ्या वाट्याला आलं होतं, "भाकरी खाल्लीस का?"

यंदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. भाताचेच दिवस. या वेळी मी कुणाला विचारलं नाही, सरळ रजा काढली. दिवसभर ठरल्या वेळी थेंब घालायचे, वाकू द्यायचं नाही, चुलीपुढे बसू द्यायचं नाही. काळा चष्मा लावून ती ओट्यावर बसते आणि मी तिच्या डोळ्यात थेंब सोडते. किती वर्षांनी तिचा चेहरा असा हातात आला! मी मुद्दाम सावकाश घालते. पण चार दिवस झाले आणि तिची चुळबुळ सुरू झाली. पावटा भरलाय, पलीकडच्या गल्लीतली लिंबूवाली जागेवर टपलीय. मी म्हटलं, "मी जाऊन बसते." ती म्हणाली, "तू?" आणि हसली. त्या हसण्यानंच मी पावट्याची पाटी उचलली.

लोणावळ्याला उतरले. गुळाचा वास आला. स्टेशनरस्त्यावर आईच्या जागी गोदा बसली होती. तिच्यापुढे एक फुटकं प्लॅस्टिकचं टोपलं, उलटं. विकायला काही नाही. अंगाचं मुटकुळं करून ती बरोबर आईच्याच फरशीवर, तिच्यासारखीच एक गुडघा उभा करून बसली होती आणि लिंबूवालीला सांगत होती, "डोळ्याचं आपरेशन हाय, मरान न्हाई. येनार हाय ती. सरक."

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मावशी, ऊठ. मी बसते."

"तू?" तीही तसंच हसली. अगदी आईसारखं.

"हो, मी. आई माझी आहे."

भर रस्त्यात, नोकरी करणारी, बी.एस्सी. झालेली बाई मी. बोलून गेले. लिंबूवाली बघायला लागली.

गोदा शांतपणे म्हणाली, "व्हय की. मी कुटं माझी म्हनते? पर जागा माझ्याकडं ठिवलीया तिनं. निरोप आलता."

"कुणाकडून?"

"गाडीतनं येनाऱ्या बाया न्हाईत का? तू थेंब घालतीस लय सावकास, म्हनं. डोळा चुरचुरतो."

आता काय करायचं या बाईचं? मी खाली बसले, तिनं पाय पुढे केला आणि मी सवयीनं चप्पल काढली. मऊ रबराच्या त्या चपला मीच तिला आणून दिल्यात. पाय मांडीवर घेतला. टाचेला नवी भेग पडली होती, थंडीची. कडा कोरड्या, अजून बरी. पिशवीतून कापूस काढला, पुसली, मलम भरलं. ती रस्त्याकडे बघत होती.

"कळतंय का काही?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग पाय कसा आपण होऊन पुढं केलास?"

"तू बसलीस की मला ठावं असतं, पाय बघनार." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पारी म्हनती, वैशीचा हात हलका हाय. आसंल. मला न्हाई समजत, पर तिनं सांगितलंय म्हंजी आसंलच."

मी चप्पल घालून दिली. एक गिऱ्हाईक आलं, पावटा कसा म्हणालं. मी भाव सांगितला तो गोदाला पसंत पडला नाही. तिनं परस्पर दुसरा सांगितला आणि पिशवी उघडून धरली. मग ती बूड उचलून बाजूला थोडी सरकली, प्लॅस्टिकचं टोपलं मांडीवर घेतलं आणि मोकळ्या झालेल्या फरशीवर हात थोपटला.

"बस हितं. पाय आखडून. आन पारी आली की उठायचं, सांगून ठिवते."

माझ्या आईच्या जागेवरून माझ्या आईसाठी मी उठायचं, हे मला हिनं सांगायचं. बसले. सकाळपासून ती बसलेली, तिच्या अंगानं फरशी चांगली तापली होती. मला ते अजिबात आवडलं नाही. आणि मी उठले नाही.